गुटीचा रकाना

मिलिंद आठ महिन्यांचा होता तेव्हा आमच्या घरात चौदा लंगोट होते. सहा आत्याने आईच्या जुन्या साडीचे शिवलेले, आठ विकतचे. एरवी एवढे पुरले असते. त्या पावसाळ्यात पुरत नव्हते. गॅलरीत एक दोरी, स्वयंपाकघरात एक आणि बाहेरच्या खोलीत पंख्याखाली तिसरी, अशा तीन दोऱ्यांवर लंगोट वाळत असायचे, आणि घरात शिरणाऱ्या माणसाला मान वाकवून शिरावं लागायचं. अंबरनाथला आमची इमारत एमआयडीसीच्या बाजूला होती. संध्याकाळी कारखान्यांचा वास यायचा, कधी सडक्या अंड्यासारखा, कधी गोडसर. पण त्या दिवसांत घराला दुसराच वास होता. आंबट, नासक्या ताकासारखा. मिलिंदच्या शीचा वास. मी साबणाने हात धुऊन शाळेत जायचे तरी वहीच्या पानांना तो येतो असं मला वाटायचं.

मी तेव्हा बारा वर्षांची होते. माझी शाळा दुपारची. आई उल्हासनगरला प्राथमिक शाळेत शिकवायची, तिची शाळा सकाळची. ती सव्वासहाला घर सोडायची. बाबा एका केमिकल कंपनीत सुपरवायझर, त्यांच्या पाळ्या बदलत्या. आईला मिलिंद तीन महिन्यांचा असताना टायफॉईड झाला आणि तिचं दूध आटलं. मग बाटली आली, आणि पालेगावच्या गोठ्यातून रोज एक लिटर दूध. आईची रजा संपली तेव्हा बाबांनी खरवईहून आपल्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं. आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं, लिहितावाचता येत नव्हतं. ती एक पत्र्याची पेटी आणि फडक्यात गुंडाळलेली सहाण घेऊन आली.

त्या सहाणेचा आवाज मला अजून ऐकू येतो. खरवईत कुणाकडे बाळ झालं की गुटी उगाळायला आत्याला बोलावत. सकाळी नऊच्या सुमारास मिलिंदची अंघोळ व्हायची, दुपट्यात गुंडाळून त्याला धुरी द्यायची, आणि मग आत्या सहाणेपुढे मांडी घालून बसायची. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, एकेक कांडी घेऊन दगडावर गोल फिरवायची. एकदा गोल फिरवलं की एक वेढा. कशाचे किती वेढे हे तिचं ठरलेलं असे, पण रोज तेच नसे. आदल्या दिवशीची शी बघून ती ते कमीजास्त करायची, ओठांतल्या ओठांत मोजत. मोजण्याची आवड मला शाळेने लावली असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. ती आत्याची आहे. आजही मी नवा सिलेंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहिते, आणि मनातल्या मनात आकडे मोजताना माझे ओठ हलतात असं माझी मुलगी सांगते.

जुलाब लागले तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. दात येताहेत, असं शेजारणी म्हणाल्या. आठ दिवसांनी जवळच्या डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं. त्याने दोन दिवस शी थांबली, पोट फुगलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. ते औषध तीनदा बदललं. आईने आरारूट दिलं, साबुदाण्याची पेज दिली. आत्याने मुरडशेंगेचे वेढे वाढवले. महिना उलटला. मिलिंदच्या मांड्यांवरची कातडी लोंबायला लागली आणि बसायची जागा इतकी लाल झाली की पाणी लागलं तरी तो कळवळायचा. खोबरेल तेलाचा हात लावताना आत्या त्याला सांगायची, "झालं हां माझ्या राजा, झालं," आणि तिच्याच डोळ्यांतून पाणी यायचं.

शेवटी बाबांनी त्याला उल्हासनगरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. रविवार होता म्हणून मलाही नेलं, पिशवी धरायला. डॉक्टर सिंधी होते, वयस्क, जाड चष्म्याचे, मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवणारे. त्यांनी मिलिंदला काट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे. त्यांनी लंगोट उघडून शी बघितली, अगदी वाकून, वास घेऊन. माझ्या घरातला एकही पुरुष तोवर त्या लंगोटाच्या जवळ आला नव्हता.

"दूध बंद," ते म्हणाले. "पूरा बंद. गाईचं नाही, म्हशीचं नाही, डब्याचं नाही. काही मुलांना दुधाचा थेंबसुद्धा सोसत नाही. तांदळाची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, केळं कुस्करून, वरून चमचाभर तेल. पाणी उकळून. आणि साखरमिठाचं पाणी, एका लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तीन आठवडे करा, मग बोलू. और कुछ देते हो? ऊपर का, देसी वगैरा?"

"नाही डॉक्टर," बाबा म्हणाले. "आमच्या घरी तसलं काही चालत नाही."

आईने मान हलवली. नाही म्हणूनच. सहाण आमच्या ओट्यावर, पिण्याच्या पाण्याच्या कळशीशेजारी असायची. दोघांना ती रोज दिसत होती. बाबा विहारात भाषण करायचे तेव्हा अंधश्रद्धेवर हमखास बोलायचे. त्या वेळी ते खोटं बोलले असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. गुटी त्यांना दिसतच नव्हती. उंबरठ्यावरची रांगोळी कुणी मोजतं का, तसं.

डॉक्टर मग माझ्याकडे वळले. "बेटा, कितवीत?"

"सातवीत."

"मग एक काम कर. कॉपी बनव. काय दिलं, किती वाजता, किती चमचे, शी किती वेळा, पातळ का घट्ट. रोज. मोठे लोक विसरतात. तू नको विसरू."

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला अभिमान म्हणतात. घरी येऊन मी दोनशे पानी वही काढली, पट्टीने रेघा मारून पाच रकाने पाडले. तारीख, वेळ, काय दिले, किती चमचे, शी. मी दुपारी शाळेत असताना काय झालं ते आत्या लक्षात ठेवून संध्याकाळी सांगायची, एक नोंद इकडची तिकडे न करता. "साडेबाराला सहा चमचे पेज, दोनला एक शी, फेसाची, चारला केळं अर्धं, त्यातलं थोडं थुंकलं." थुंकलं तेसुद्धा ती सांगायची.

पहिल्या की दुसऱ्या सकाळी, सहाणेवर बसलेली असतानाच, ती मला म्हणाली, "सुजा, हे पण लिव ना."

"काय?"

"गुटी गं. आज हिरड्याचे दोन..."

"गुटी नाही लिहायची, आत्या."

"का नाय? डाक्टरला कळू दे ना मी काय काय देते ते. त्याला नको का कळाया?"

"गुटी काय खाणं आहे का? त्याला रकानाच नाही. आणि डॉक्टर हसतील आपल्याला."

ती हिरड्यानंतर पुढचं सांगत राहिली, कशाचे किती. मी ऐकलं नाही. मी वही मिटली. रकाना नव्हता हे खरं, पण पट्टी माझ्याच हातात होती. खरं कारण शेवटचं होतं. बाबांनी एवढ्या ताठ मानेने सांगितलेलं, तसलं काही चालत नाही, आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात त्याखाली मुरडशेंग लिहायची? आत्याने पुन्हा विचारलं नाही. तिने शेजारची वाटी ओढली, चहासाठी तापवलेल्या दुधातलं दोन चमचे दूध त्यात घेतलं, गुटी त्यात कालवली आणि मिलिंदला पाजली. हे सगळं मी बघत होते. रोज बघत होते. दूध बंद झालं होतं म्हणजे बाटली बंद झाली होती. गुटी कशात कालवतात हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडण्यासारखा नव्हता, जसं धुरीच्या शेगडीत कोळसा कुठला हा पडत नाही.

तीन आठवडे मी एकही दिवस चुकवला नाही. दर रविवारी आम्ही मिलिंदला खालच्या किराणावाल्याकडे नेऊन तागडीत ठेवायचो. त्या दुकानदाराला सगळे साईं म्हणत. तो बटाट्याचं पोतं बाजूला करून पारड्यात स्वच्छ फडकं अंथरायचा, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारायचा, "ताई, हा माल घरचा की होलसेल?" पहिल्या रविवारी सगळे हसले. तिसऱ्या रविवारी त्याने एक वजन काढून त्याहून लहान ठेवलं, मग तेही काढलं. सहा किलो शंभर.

शी दिवसाला आठच्या सहा-सात झाल्या होत्या, याहून जास्त फरक नव्हता. डॉक्टरांनी माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बोट फिरवत. बाहेर पेशंट खोळंबले होते.

"एकवीस दिवस," ते म्हणाले. "एक थेंब दूध नाही. मेरी नर्स भी ऐसा रजिस्टर नहीं रखती." मग चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे दूध कारण नाही. कुछ और है. मी चुकलो. दूध चालू करा, अर्धं पाणी घालून. मुलाला ताकद तर पाहिजे."

एका चांगल्या डॉक्टरला, ज्याचं निदान पहिल्याच दिवशी बरोबर होतं, ते चूक आहे असं पटवून देणारी ती वही माझी होती.

त्यानंतरच्या चार दिवसांचे आकडे अजून तिच्यात आहेत. नऊ. अकरा. अकरा. चौदा, त्यातल्या दोन रक्ताच्या. चौथ्या दिवशी दुपारी मिलिंद रडेनासा झाला. टाळू खोल गेली होती, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. बाबा रिक्षा घेऊन आले आणि आई त्याला पदरात घेऊन बसली. डॉक्टरांच्याच नर्सिंग होममध्ये त्याला ठेवलं. हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याचे केस भादरून तिथे सुई लावली. आई तिथे राहिली. आत्या घरी, आमचे डबे करायला. तिने एकदाच विचारलं, "मी येऊ का बघाया?" बाबा म्हणाले, "तिथे गर्दी नको अक्का."

तिथे तीन दिवसांत शी तीनवर आली. दूध पुन्हा बंदच होतं, खाणं तेच, पेज आणि डाळ. डॉक्टर माझी वही आणि त्यांचा कागद शेजारी शेजारी ठेवून उभे राहिले. "तिथे पण पेज, इथे पण पेज. तिथे सात, इथे तीन. क्यों? घर में क्या अलग है?" आई म्हणाली पाणी असेल. मग पाणी वीस मिनिटं उकळायचं ठरलं. पण ते विचारत माझ्याकडे बघत होते. "तू शोध. गणित आहे, बस्स."

मिलिंद घरी आला. आईची बिनपगारी रजाही संपली होती, दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. पाणी मी स्वतः घड्याळ लावून वीस मिनिटं उकळलं. नऊ वाजता आत्या सहाणेवर बसली, आज तिने जायफळ जास्त घेतलं कारण पोर थकलं होतं. संध्याकाळपर्यंत पाच शी झाल्या, त्याच्या पुढच्या दिवशी सात. त्या सातच्या दिवशी मी शाळेत गेले नाही. वहीच्या मागच्या पानावर मी दोन याद्या केल्या, घर आणि दवाखाना, आणि दोन्हींत सारखं असेल ते खोडत गेले. तांदूळ खोडला, डाळ खोडली, चमचा, पाणी, तेल. घराच्या यादीत काही उरेना. आणि मग ओट्यावर दुधाचं पातेलं दिसलं, झाकण तिरकं ठेवलेलं, आत्या ठेवायची तसं.

बाबा पहिली पाळी करून साडेतीनला आले. मी त्यांना बूटही काढू दिले नाहीत. "बाबा, आत्या गुटी दुधात कालवते," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. वाक्य पूर्ण करायला अजून एक वाक्य लागत होतं, ते मी म्हणाले नाही.

"अक्का," बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "गुटी कशात देतेस?"

"दुधात. आईच्या नाय तर गाईच्या. पाण्यातली गुटी अंगी लागत नाय."

"दूध बंद सांगितलं होतं ना?"

"प्यायचं बंद. ते मी कुठं पाजते? गुटी काय दूध हाय?"

"अगं, दोन चमचे रोज! डॉक्टर म्हणाले होते एक थेंब नाही. पोर मरत होतं, अक्का! इतके दिवस तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या हातात लंगोट होता, अर्धा पिळलेला. ती नुसती बघत राहिली, रागाने नाही, विचारल्यासारखी. मी वही छातीशी धरून उभी होते.

"तिच्याकडे काय बघतेस?" बाबा ओरडले. "ती पोर लिहून लिहून दमली आणि तू तिथे दगड घासत बसलीस. एवढं शिकवलं लोकांना, आणि माझ्याच घरात हा अडाणीपणा!" त्यांनी सहाण उचलली आणि मोरीत आपटली. ती फुटली नाही. मोरीची फरशी फुटली.

आईला त्या दिवशी शाळेत मीटिंग होती, ती संध्याकाळी आली आणि तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. आई कधी आवाज चढवणारी नव्हती. तिने हळूच सांगितलं, "वन्सं, तुम्हाला स्वतःचं असतं तर तुम्ही असं केलं नसतं." ते वाक्य घरात पडून राहिलं. जेवणं झाली, भांडी झाली, आत्यानेच घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी भरली, सहाण फडक्यात गुंडाळली. रिक्षा येईपर्यंत ती खालच्या पायरीवर बसली होती. मी गॅलरीतून बघत होते. लंगोटांच्या आडून.

आठव्या दिवशी शी दोनवर आल्या आणि घट्ट झाल्या. महिन्याने साईंच्या पारड्यात सात किलो भरले आणि त्याने मिलिंदच्या मुठीत लिमलेटची गोळी दिली, ती मी काढून घेतली. डॉक्टरांनी वहीवर लाल पेनने शेरा दिला, आणि बाबांना म्हणाले, "इस लड़की ने बच्चे को बचाया." त्यांनी ती वही दोन महिने टेबलावर ठेवली होती, दुसऱ्या आयांना दाखवायला. विहारात बाबांनी माझं नाव घेऊन भाषण केलं. टाळ्या वाजल्या. भाषणात आत्याचं नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. खरवईलाही कळलं. त्यानंतर तिथे कुणी तिला गुटी उगाळायला बोलावलं नाही.

लग्नानंतर मी बदलापूरला आले. माझ्या घरापासून खरवई रिक्षाने पंधरा मिनिटं. मी वर्षातून दोनदा जायचे, केळी आणि बिस्किटं घेऊन. ती चहा करायची, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायची. तिला मांडीवर मात्र कधी घेतलं नाही. शेवटच्या वर्षी, तिला दिसेनासं झाल्यावर, मी विचारलं. चेहरा दिसत नाही म्हणून विचारता आलं, हे मला माहीत आहे.

"आत्या, तू तेव्हा बोलली का नाहीस? मला लिहायला सांगितलं होतंस म्हणून?"

"तू बोलशील म्हणून थांबले," ती म्हणाली.

"मग?"

"मग रिक्षा आली."

ती हसली नाही आणि मला काही समजावलंही नाही. चहा निवतोय म्हणाली.

मिलिंद आता चाळिशीचा आहे, धडधाकट, दुधाचा चहा दिवसातून चार वेळा पितो. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा वाढदिवस झाला तेव्हा त्याने पाहुण्यांना ती गोष्ट पुन्हा सांगितली. अडाणी आत्या, शहाणी ताई. त्याच्या बायकोला ती वही बघायची आहे. मी वही काढली. पिवळी पडली आहे, पण रेघा सरळ आहेत. देण्याआधी मी उजव्या समासात सहावा रकाना पाडला, पट्टीने, आणि वर लिहिलं, गुटी. एकवीस दिवसांपुढे एकवीस वेळा लिहिलं: दूध, दोन चमचे. पहिल्या दिवसाखाली लिहिलं: आत्याने लिहायला सांगितले, मी लिहिले नाही. मग वेढे लिहायला घेतले. हिरड्याचे दोन. त्याच्यापुढे मला काही येत नाही. मुरडशेंगेचे किती, जायफळाचे किती, ती सगळं सांगत होती, मी समोर बसले होते, हातात पेन होतं. त्या जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. वही उद्या मिलिंदला देणार आहे, तशीच.